कातडीवरची खूण आणि दप्तरातली ओळ : भागोजी नाईक ‘गुन्हेगार’ कसे ठरले?

४ ऑक्टोबर १८५७. पुणे-नाशिक रस्त्यावरचे नांदूर शिंगोटे. गावापासून सुमारे मैलभर अंतरावर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर नजर राहील अशा जागी पन्नासएक भिल्ल शस्त्रे घेऊन ठाण मांडून बसले आहेत. त्यांना पकडण्यासाठी अहमदनगरच्या पोलीस दलाचा प्रमुख लेफ्टनंट जे. डब्ल्यू. हेन्री आपल्या माणसांसह येऊन पोहोचला आहे. डोंगरावरच्या जमावाचे नायक आहेत भागोजी नाईक. आणि हे भागोजी नाईक कोणी परके नव्हेत. काही वर्षांपूर्वी ते याच अहमदनगर पोलीस दलात अंमलदार होते.

नांदूर शिंगोटे आज नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात आहे, तेव्हा ही गोष्ट अहमदनगरची (आताच्या अहिल्यानगरची) कशी, असा प्रश्न पडेल. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाला. १८५७ मध्ये हा सारा मुलूख अहमदनगरच्याच कारभाराखाली होता.

हल्ला करण्यापूर्वी निरोपांची देवाणघेवाण झाली. शरण या, असे सरकारकडून कळवण्यात आले. भागोजींनी दिलेले उत्तर सरकारी वृत्तांतातच नोंदलेले आहे : दोन वर्षांचा थकलेला पगार मिळावा आणि पुढच्या उदरनिर्वाहाची व्यवस्था व्हावी, त्याखेरीज आपण येणार नाही.

हे उत्तर पुन्हा एकदा वाचण्यासारखे आहे. त्यात दिल्लीच्या बादशहाचे नाव नाही, धर्माची हाक नाही, लुटीचा वाटाही नाही. त्यात पगार आहे. उत्तर मिळताच पोलीस पुढे सरसावले. चकमकीत हेन्री मारला गेला आणि त्या दिवसापासून भागोजी नाईक हे नाव दोन निरनिराळ्या वह्यांत लिहिले जाऊ लागले. एका वहीत ते दरोडेखोर, दुसरीत क्रांतिवीर. दोन्ही वह्या आजही चालू आहेत, आणि दोन्हींत त्यांच्या पूर्वायुष्याविषयी बरेच काही गृहीत धरलेले असते.

प्रथम नोंद काय सांगते ते पाहू. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याचे गॅझेटियर तयार झाले. त्याचे नाशिक आणि अहमदनगरविषयीचे खंड अनुक्रमे १८८३ आणि १८८४ चे, म्हणजे घटनेनंतर पाव शतकाने छापलेले. त्यांतील वृत्तांतानुसार भागोजी पोलीस दलात अंमलदार होते. १८५५ मध्ये दंगा करणे आणि पोलिसांच्या कामात अडथळा आणणे या आरोपांखाली त्यांना शिक्षा झाली. तुरुंगातून सुटल्यावर एक वर्षाच्या चांगल्या वर्तणुकीचा जामीन त्यांच्याकडून मागण्यात आला. ते वर्ष संपल्यावर थोड्याच काळात सरसकट निःशस्त्रीकरणाचा हुकूम निघाला आणि भागोजींनी गाव सोडले.

एवढेच ते ‘गुन्हेगारी पूर्वायुष्य’. त्यात दरोडा नाही, खून नाही, वाटमारीही नाही. पोलीस दलात काम केलेल्या माणसाचे पोलिसांशीच भांडण झाले, त्याला दंगा म्हटले गेले आणि शिक्षा झाली. चांगल्या वर्तणुकीचा जामीन ही तर आजच्या वाचकालाही ओळखीची गोष्ट आहे. पोलीस ठाण्याच्या बोलीत जिला ‘चॅप्टर केस’ म्हणतात, तिची कुळी हीच. माणसाने काय केले यापेक्षा तो पुढे काय करील, या संशयावर ती उभी असते. भागोजींनी ते वर्ष पूर्ण केले होते, ही बाब बहुतेक जण वाचून पुढे जातात. जामिनाची मुदत संपेपर्यंत ते शस्त्र घेऊन बाहेर पडले नव्हते.

दुसऱ्या वहीलाही हाच निकष लावायला हवा. १८५५ पासूनच भागोजी इंग्रजी राज्य उलथवण्याच्या तयारीत होते असे म्हणणाऱ्यांना या नोंदीत आधार सापडत नाही. नंतरच्या दोन वर्षांत त्यांच्या लोकांनी कोपरगाव भागातील गावे लुटल्याच्या नोंदीही आहेत, आणि त्या केवळ गोऱ्या अधिकाऱ्यांनी लिहिल्या म्हणून खोट्या ठरत नाहीत. लुटल्या गेलेल्या गावात राहणाऱ्याला ती लूट खरीच होती.

इतिहासाच्या अभ्यासकाने अशा वेळी एक साधा प्रश्न विचारावा : शत्रूने लिहिलेल्या वृत्तांतात शत्रूला गैरसोयीचे असे काय शिल्लक राहिले आहे? दरोडेखोर ठरवायच्या माणसाच्या तोंडी थकलेल्या पगाराची मागणी घालण्यात सरकारचा काहीच फायदा नव्हता. म्हणूनच या साऱ्या प्रकरणात त्या मागणीइतकी विश्वासार्ह ओळ दुसरी नाही.

आता गोंदणाकडे वळू. कंपनी सरकार कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदत असे, हे अनेकांनी कुठेतरी वाचलेले असते. त्यावरून सह्याद्रीतल्या नाईकांच्या कपाळीही तसाच शिक्का उमटवला गेला असेल, असा तर्क फार सहज केला जातो. चित्र प्रभावी आहे यात शंका नाही : कपाळावर गुन्हा कोरलेला आणि हातात तलवार घेतलेला योद्धा. पण ते तपासून घ्यावे लागते.

कंपनीची ही पद्धत ‘गोदना’ या नावाने ओळखली जाई. बंगालमध्ये १७९७ च्या नियमाने जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचे नाव, गुन्हा आणि शिक्षेचा तपशील देशी लिपीत गोंदण्याची तरतूद झाली. मद्रास इलाख्यानेही ती पद्धत उचलली. कैदी पळाला तर कोणालाही ओळखता यावा, हा हेतू. १८३० नंतरच्या दशकात जबलपूर भागात स्लीमनने ठगांविरुद्ध जी मोहीम चालवली, तीत शिक्षा झालेल्या अनेकांच्या कपाळावर किंवा डोळ्यांच्या पापण्यांवरही ‘ठग’ ही ओळख गोंदली गेली. हे कैदी मग पागोटे भुवयांपर्यंत ओढून घेत. समुद्रापार धाडलेल्या कैद्यांनाही कपाळ झाकण्याची सवय लागली होती. शिक्का मारणाऱ्याचा हेतू आणि ज्याच्यावर शिक्का मारला त्याची युक्ती, यांचा हा खेळ त्याच काळात जपानातही चालला होता. तिथे अठराव्या शतकात गुन्हेगारांच्या अंगावर गोंदण्याची शिक्षा रूढ झाली आणि लोक त्या खुणेवर मोठी, सुंदर चित्रे गोंदवून ती बुजवू लागले.

मात्र मुंबई इलाख्याने गोदना स्वीकारला नाही, आणि अहमदनगर मुंबई इलाख्यात होते. शिवाय ही शिक्षा होती जन्मठेपवाल्यांसाठी. १८४९ च्या कायद्याने ती जिथे चालू होती तिथेही बंद झाली. भागोजींना शिक्षा झाली १८५५ मध्ये, तीही दंग्यासाठी. प्रदेश, गुन्हा आणि वर्ष या तिन्ही बाजूंनी पाहिले तरी कपाळावरच्या शिक्क्याची गोष्ट त्यांना लागू होत नाही. अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे यांनाही ती लागू होत नाही. लेफ्टनंट गेलने १८४८ च्या आरंभी राघोजींना पंढरपुरात पकडले आणि २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. ज्याला फासावर द्यायचे त्याच्या कपाळावर खूण कशाला हवी?

मग त्यांच्या अंगावर खुणा नव्हत्याच का? असणे अगदी शक्य आहे, पण त्या वेगळ्या अर्थाच्या. पश्चिम भारतातील भिल्लांमध्ये मुलग्यांच्या हातावर डाग देण्याची चाल असल्याचे वसाहतकाळातील वर्णनांत आढळते. भिल्ल स्त्रियांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांशी असलेले गोंदण तर आजही पाहायला मिळते. नगर, नाशिक, पुणे या पट्ट्यातील शेतकरी घरांतही गोंदण परके नव्हते. जत्रेत गोंदणारीण बसे, बायका हातावर तुळस गोंदवून घेत, पुरुष दंडावर मारुती किंवा स्वतःचे नाव गोंदवत. मेल्यावर दागदागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे बरोबर येते, ही समजूत आजीच्या पिढीतल्या कित्येकींच्या तोंडी असे. ही खूण सांगते की हा माणूस आपला आहे. गोदना सांगतो की हा माणूस सरकारचा कैदी आहे. सुई एकच, शाई एकच, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसण्याची शक्यता मोठी.

घोटाळा इथेच सुरू होतो. पोलीस दप्तरात एखाद्याचे वर्णन लिहिताना उंची, रंग, व्रण यांच्याबरोबर गोंदणही लिहिले जाई. आईने हौसेने काढवलेली तुळस त्या रकान्यात गेली की ती ‘ओळखीची खूण’ होते, आणि कागद पोलिसांचा असल्यामुळे वाचणाऱ्याला ती गुन्ह्याची खूण वाटू लागते.

या रकान्याचा इतिहास मोठा मजेचा आहे. ‘हुलिया’ हा शब्द आज आपण फरारी माणसाच्या वर्णनासाठी वापरतो. पण शिपायाच्या चेहऱ्याचे व अंगावरच्या खुणांचे वर्णन लिहून ठेवण्याची पद्धत हिंदुस्थानात रुजली ती सैन्यात. अलाउद्दीन खिलजीच्या काळी घोड्यांना डाग देणे आणि स्वारांचा हुलिया नोंदवणे सुरू झाले. अकबराने तीच व्यवस्था दाग आणि चेहरा या नावांनी पक्की केली. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला आणि ती व्यवस्था या भागातही येऊन पोहोचली. हेतू अगदी व्यवहारी होता. सरदाराने हजार स्वारांचा पगार उचलायचा आणि हजेरीला पाचशेच उभे करायचे, किंवा शेजाऱ्याची माणसे व घोडी उसनी आणून दाखवायची, ही लबाडी रोखायची होती. गालावरचा तीळ, कपाळावरची जखम, देवीचे व्रण हे सारे लिहिले जाई ते योग्य माणसाला योग्य पगार मिळावा म्हणून.

कंपनीच्या देशी पलटणींतही शिपायांची अशीच वर्णनपत्रे असत. म्हणजे लढणे हाच ज्याचा धंदा, त्याच्या अंगावरची खूण मुळात पगाराच्या वहीतली. तीच पुढे आरोपीच्या वहीत गेली. भागोजी नाईक स्वतः या एका वहीतून दुसरीत गेलेले गृहस्थ, आणि मागत होते काय, तर पहिल्या वहीतली बाकी.

भिल्ल आणि कोळी नाईकांच्या बाबतीत हे वहीबदल पिढ्यान्‌पिढ्या झालेले दिसतात. घाट राखणे, किल्ल्यांवर चौकी करणे, गावाची राखण करणे ही त्यांची जुनी कामे. त्याबद्दल धान्य, वतन किंवा रोख हक्क मिळे. राज्यकर्त्याने हक्क दिला की नाईक रखवालदार. हक्क बुडवला की तोच नाईक डोंगरात जाऊन ‘बंड’ करी, मग तडजोड होई आणि तो पुन्हा रखवालदार. पेशवाईच्या अखेरीस ही तडजोडही मोडत गेली. १८०४ च्या सुमारास बाळाजी लक्ष्मण या पेशव्यांच्या अधिकाऱ्याने कोपरगावी भिल्लांना फसवून बोलावले आणि त्यांची कत्तल केली. मारल्या गेलेल्यांचा सात हजार हा गॅझेटियरमधला आकडा फुगवलेला असू शकतो. घटनेची दहशत मात्र फुगवलेली नाही. १८१८ नंतर कंपनीने काही नाईकांना पोलिसात घेतले, काहींचे हक्क कापले. ज्याचे हक्क कापले तो लवकरच ‘गुन्हेगार’ या सदरात दिसू लागला.

आणि आता या गोष्टीतला सर्वांत बोलका भाग. नांदूर शिंगोटेच्या चकमकीनंतर त्याच महिन्यात अकोले तालुक्यातील समशेरपूरच्या डोंगरांत पुन्हा लढाई झाली. डोंगरात पळणाऱ्या भिल्लांमागे कवायती पायदळ धावू शकत नव्हते. हेन्रीच्या जागी आलेल्या कॅप्टन नटॉलला डिसेंबर १८५७ मध्ये हुकूम मिळाला की कोळ्यांची पलटण उभी करावी. हे कोळी म्हणजे त्याच डोंगरातले महादेव कोळी, राघोजी भांगऱ्यांच्या जमातीचे. राघोजींना फाशी देऊन दहा वर्षेही झाली नव्हती. ज्या लोकांची डोंगरवाटांची माहिती काल सरकारच्या लेखी धोक्याची होती, तीच आज सरकारला हवी होती.

कोळी पलटणीची ताकद पुढे सहाशेपर्यंत गेली. त्यांचा पोशाखही नोंदलेला आहे : गडद हिरवे पीळदार पागोटे, गडद हिरवा अंगरखा, गुडघ्यापर्यंत नेसलेले रक्तवर्णी धोतर, पायांत वहाणा. बरोबर तंबू नाहीत, सामानाचे लटांबर नाही. जे काही लागेल ते ज्याच्या त्याच्या पाठीवर, आणि स्वयंपाकाची भांडी आपसात वाटून घेतलेली. राघोजींचे साथीदार दहा वर्षांपूर्वी याच डोंगरांतून असेच हलकेफुलके फिरत असतील. फरक एवढाच की त्यांच्या अंगावर हिरवा अंगरखा नव्हता आणि महिन्याच्या महिन्याला पगार नव्हता.

नोव्हेंबर १८५९ मध्ये सिन्नर भागातील मिठसागरे येथे फ्रँक साउटरच्या तुकडीने भागोजींना गाठले. त्या लढाईत भागोजी आणि त्यांचे बहुतेक साथीदार मारले गेले. साउटर पुढे १८६४ मध्ये मुंबईचा पोलीस आयुक्त झाला आणि त्याला ‘सर’ ही पदवीही मिळाली. भागोजींवर पुन्हा खटला उभाच राहिला नाही, त्यामुळे न्यायालयाने त्यांच्याविषयी काढलेला निष्कर्ष एकच उरतो : १८५५ मधला, दंग्याचा.

इथपर्यंत गुन्हेगार ठरत होता तो निदान एकेक माणूस. पुढच्या काळात ती गरजही संपली. १८७१ च्या कायद्याने संपूर्ण जमातीच ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर करण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. कपाळावर गोंदण्याची आता आवश्यकताच नव्हती. बोटांचे ठसे आले होते, नोंदवह्या आल्या होत्या, ठरावीक वेळी हजेरी होती, गावाबाहेर जायला परवानगी होती. गोदना निदान शिक्षा झाल्यावर होत असे. ही नोंद मात्र जन्माबरोबरच चिकटे. क्रूरपणात कोण पुढे, असा निवाडा करायचा झाला तर कागद सुईच्या पुढे गेला असेच म्हणावे लागते.

महाराष्ट्रातील विमुक्त जातींच्या आजच्या यादीत रामोशी, बेरड, कैकाडी, राजपारधी ही नावे आहेत. त्यांतील रामोशी आणि बेरड यांचा पिढीजात व्यवसाय पहारा आणि लढाई. किल्ल्यांचे राखणदार दीडशे वर्षांत हजेरीच्या रांगेत कसे आले, याचे उत्तर कोणाच्या रक्तात शोधण्याचे कारण नाही; ते जमाबंदीच्या आणि पोलिसांच्या दप्तरात आहे. मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला, देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ पासून गेला. म्हणूनच ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. पण त्याच्या जागी ‘सराईत गुन्हेगार’ ठरवणारे कायदे आले आणि जुन्या वह्यांची सवय नव्या वह्यांत उतरली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात तुरुंगांतील जातीवर आधारित कामवाटप घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. विमुक्त जमातींना तुरुंग-नियमावल्यांत जन्मजात गुन्हेगारी वृत्तीचे मानणाऱ्या तरतुदींवरही न्यायालयाने बोट ठेवले.

कोळी पलटणीचे काय झाले, हेही सांगायला हवे. डोंगर शांत झाले, भागोजी गेले, सरकारचे काम झाले. मार्च १८६१ मध्ये पलटण बरखास्त करण्यात आली. हिरवे अंगरखे उतरले आणि सहाशे शिकलेले लढवय्ये पुन्हा अकोले-जुन्नरच्या डोंगरांत, पगाराशिवाय, घरी परतले. पुढच्या दीड दशकात याच डोंगरांत होन्या केंगळे नावाच्या कोळी नायकाचे बंड झाले. ते मोडायला १८७६ उजाडले, आणि त्याच्या नावापुढेही गॅझेटियरने जुनाच शब्द लिहिला : दरोडेखोर.